गोळी एकीकडे, शेळी दुसरीकडे: गरीब बाईच्या नैराश्यावर काम करताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात आमच्या बायकांच्या बचत संघातल्या एका बाईला आम्ही तीन शेळ्या मिळवून दिल्या. सगळ्यांत गरीब तीच, म्हणून तिचं नाव यादीत पहिलं. सहा महिन्यांत शेळ्या विकल्या गेल्या आणि बैठकीत सगळ्या म्हणाल्या, ‘आळशीच ती.’ ती आळशी नव्हती. पहाटे तीनला तिला जाग यायची, आणि उजाडल्यावर मात्र अंथरुणातून उठवत नसायचं. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यानंतर गोळ्या सुरू केलेल्या, पण घरात दाणा नाही म्हणून उपचार सोडलेल्या बायकाही पाहिल्या. तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे: पोटाची मदत आणि मनाचा उपचार एकाच बाईला, एकाच वेळी मिळायला हवा.

याला आधार आपल्याच राज्यातला आहे. कर्नाटकाच्या ग्रामीण भागात नैराश्य असलेल्या 1,000 प्रौढांवर एक अभ्यास झाला. त्यात काहींना औषधोपचार, काहींना उपजीविकेसाठी मदत, तर काहींना दोन्ही मिळालं. दोन्ही मिळालेल्यांचं नैराश्य कमी झालं आणि उपचार संपल्यावरही तो फायदा टिकला. नुसत्या औषधाचा गुण कमी आला आणि लवकर ओसरला. पण उपचारामुळे कमाईत ठळक वाढ काही दिसली नाही. म्हणून ‘गोळ्या घे, चार पैसे जास्त मिळतील’ असं कुणाला सांगू नका. बाईला बरं वाटणं हेच पुरेसं कारण आहे.

‘ती उदास दिसत नाही’

उदास आहे असं आपल्याकडची बाई सहसा सांगत नाही. ती सांगते कंबर, डोकं जड, हातापायांची आग, पांढरं जाणं, अशक्तपणा. मग दर महिन्याला सलाईन लागतं आणि तीनचारशे रुपये जातात. रक्त आणि थायरॉईड तपासायलाच हवं, ते टाळू नका. पण सोबत विचारा: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे? जेवण जातं का? कशात मन लागतं का? नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची यादी मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. ती आशाताईंकडे असावी.

आणि विचारताना सासू शेजारी नको. भाषेचंही तसंच. आपल्या बायकांचं कन्नड बाजारापुरतं असतं. दवाखान्यात कन्नडमध्ये विचारलं की ती ‘चलो ऐती’ (बरं आहे) म्हणून मोकळी होते आणि कागदावर ‘तक्रार नाही’ लिहिलं जातं. तिच्याबरोबर दोन्ही भाषा येणारी, गावात बोभाटा न करणारी बाई पाठवा.

गोळी दहाव्या दिवशी सुटते

सगळ्यांत जास्त बायका इथेच गळतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, सुस्ती पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. हे आधी न सांगता गोळी हातात दिली, तर ‘उलट जास्तच झालं’ म्हणून ती बंद करणारच, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या घरी जा. दोन आठवड्यांनी पुन्हा जा. दुसरी गळती बरं वाटायला लागल्यावर होते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, बहुतेकदा त्याहून जास्त, गोळी चालू ठेवायची असते. ती बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ‘सवय लागेल’ ही भीती झोपेच्या गोळ्यांबाबत खरी आहे, नैराश्याच्या गोळ्यांबाबत नाही. दोन्ही वेगळ्या आहेत हे गोळ्यांची पट्टी हातात घेऊन दाखवा.

दवाखान्याच्या एका फेरीला दिवसाची मजुरी जाते. सरकारी बसचा फुकट प्रवास 2023 पासून आहे, पण त्याला कर्नाटकाचा रहिवासी पुरावा लागतो. महाराष्ट्रातून, चंदगड, गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या सुनेच्या आधारवर माहेरचाच पत्ता असतो, आणि तिला तिकीट काढावं लागतं. आधी तो पत्ता बदलून घ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात, बऱ्याच ठिकाणी मंगळवारी. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

कर्जाला मदत म्हणणं

निपाणीची विडी वळणारी बाई असो की उसाच्या फडातली, तिच्या डोक्यावर फायनान्सचा आठवड्याचा हप्ता बहुतेक असतोच. आजारी बाईला आणखी एक कर्ज काढून देणं म्हणजे तिची झोप आणखी उडवणं. आधी परत न फेडायची मदत: धान्य, बसभाडं, बुडालेली मजुरी. शेळी, शिलाई मशीन, दुकान हे सगळं तिला नीट झोप लागायला लागल्यावर. बैठकीला आली नाही म्हणून संघ दंड लावतो, तो तेवढे महिने माफ करा. वसुलीवाले दारात येऊन धमकावत असतील तर त्याविरुद्ध राज्यात 2025 पासून कायदा आहे. पोलिसांकडे एकटीला पाठवू नका, चौघी जा.

‘घरात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात की’ हेही नेहमी ऐकू येतं. ते रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतात, म्हणजे बहुधा सासूच्या. सुनेच्या हातात त्यातलं काय येतं ते विचारल्याशिवाय तिला यादीतून वगळू नका.

‘मन घट्ट कर’

हे तिने हजारदा ऐकलेलं असतं. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्य कमी करून दाखवलं. त्यात उपदेश नव्हता. रोज एखादं छोटं, आवडीचं काम ठरवायचं आणि पुढच्या भेटीत ते झालं का ते पाहायचं. परड्यात चार झाडांना पाणी घालणं, बहिणीला फोन करणं, एवढंच. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचं असेल तर जाऊ द्या, फक्त गोळ्या पिशवीत असू द्या.

‘जीव नको झालाय’ असं ती म्हणाली तर बोलणं बदलू नका. मरायचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर रात्रीही चालतो. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडच्या वाड्यांतून लावणीच्या दिवसांत कुणी दवाखान्यात जात नाही, कधी गाडीही येत नाही. मृगाआधीच डॉक्टरांकडून दोन महिन्यांच्या गोळ्या मागून आणा. पण तिच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर तो साठा तिच्या घरात नको. आशाताईंनी जवळ ठेवावा आणि दर आठवड्याला सात गोळ्या नेऊन द्याव्यात.