डीएच बदलताना या चुका टाळा

क्रिकेट पाहून बेसबॉलकडे वळलेला माणूस हमखास अडखळतो तो डेझिग्नेटेड हिटर म्हणजेच डीएचपाशी. डोक्यात आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेअर असतो, त्यामुळे डीएचही हवा तेव्हा, हवा त्याच्या जागी उतरवता येईल असं वाटतं. पण डीएच फक्त पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) बॅटिंग करतो आणि बॅटिंगच्या क्रमातली त्याची जागा सामन्याआधी ठरते ती ठरतेच. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये ही पद्धत १९७३ला आली, नॅशनल लीगमध्ये कायमची २०२२ला.

आधी लाइनअप कार्ड, म्हणजे बॅटिंगचा क्रम आणि प्रत्येकाची फिल्डिंगची जागा लिहिलेला कागद, नीट लिहा. १७ मे २००९ला टँपा बे रेज या संघाच्या कार्डावर इव्हान लाँगोरिया आणि बेन झोब्रिस्ट या दोघांच्याही नावापुढे थर्ड बेस होतं, डीएच कुणीच नव्हता. समोरच्या क्लीव्हलंड संघाच्या मॅनेजरनी ते पंचांच्या नजरेस आणलं. रेजचा डीएच गेला, लाँगोरिया बाहेर बसला आणि पिचर अँडी सॉनन्स्टाइनला तिसऱ्या क्रमांकावर बॅट घेऊन यावं लागलं. पठ्ठ्याने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून एक रन मिळवूनही दिला, रेज जिंकले! पण त्या भरवशावर कार्ड लिहू नये.

खरी पंचाईत दुसऱ्या कॅचरला (बेसबॉलमधल्या विकेटकीपरला) डीएच केल्यावर होते. समजा मुख्य कॅचर पाचव्या इनिंगमध्ये जखमी झाला आणि डीएचने मास्क चढवला. डीएच मैदानात उतरला की ती सोय त्या सामन्यापुरती संपली. तो स्वतः आपल्याच क्रमांकावर बॅटिंग करत राहतो, मात्र जखमी कॅचरच्या क्रमांकावर आता पिचरला यावं लागतं. म्हणून बरेच मॅनेजर दुसरा कॅचर बाकावरच राखून ठेवतात. त्याला डीएच करायचा मोह आवरलेलाच बरा.

सामना हातचा गेला की मॅनेजर कधीकधी पिचर नसलेल्या खेळाडूलाच पिचिंगला पाठवतात. तो बाकावरून थेट पिचरच्या जागी आला तर डीएच शाबूत. फर्स्ट बेसवरून उठून माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) गेला तर डीएच गेला. पिचर फिल्डिंगच्या दुसऱ्या जागेवर गेला तरी तेच.

डीएचसाठी पिंच हिटर (बदली बॅटर) किंवा पिंच रनर (बदली धावणारा) आला की तोच नवा डीएच; जुना परत येत नाही. पूर्वीच्या क्रिकेटमधल्या रनरसारखं इथे नसतं. शिवाय समोरच्या संघाने पिचर बदलला नसेल तर सुरुवातीच्या डीएचने निदान एकदा तरी बॅटिंग करायलाच हवी.

आणि पिचिंग, बॅटिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी? २०२२च्या बदलानुसार सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएचही असू शकतो, आणि नियमाच्या लेखी ती दोन माणसं. पिचर म्हणून त्याला काढलं तरी डीएच म्हणून तो खेळत राहतो. स्कोअरशीटवर त्याचं नाव दोनदा लिहा, आणि पिचर बदलताना फक्त एकच खोडा.