लेमीवर पोस्ट दिसत नसतील तर : माझा अनुभव

खानापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीच्या चर्चा वाचायला नुकताच लेमीवर (वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं, रेडिटसारखं चर्चेचं ठिकाण) आलो. खातं उघडलं, चार कम्युनिट्या (विषयवार चर्चेचे गट) जोडल्या, पण प्रत्येकीत दोन-तीनच पोस्ट. निपाणीच्या मावसभावाच्या मोबाइलवर मात्र त्याच कम्युनिट्या भरलेल्या.

आधी अ‍ॅपवरच संशय घेतला. जर्बोआ हे लेमीचं अ‍ॅप काढून वॉयेजर हे दुसरं टाकलं, लॉगआउट-लॉगिन केलं, सर्व्हरही बदलायला निघालो होतो. तीन रात्री वाया गेल्या, फार चीड आली.

खरी गोम खात्याच्या सेटिंग्जमधल्या भाषेच्या यादीत होती. आम्हा बेळगावकडच्यांना तीन भाषा रोजच्याच, म्हणून मी मराठी, कन्नड, इंग्लिश निवडल्या होत्या. पण बहुतेक लोक पोस्टला भाषा लावतच नाहीत. अशा पोस्ट 'अनडिटरमाइन्ड' (म्हणजे भाषा न ठरलेली) या नावाखाली जातात आणि ते निवडलेलं नसेल तर दिसतच नाहीत.

हे अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका. आपलं खातं ज्या सर्व्हरवर आहे, त्याची साइट ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन करा. आपल्या नावावर क्लिक करून सेटिंग्ज, तिथे लँग्वेजेस. कॉम्प्युटरवर असाल तर कंट्रोलचं बटण दाबून धरूनच 'अनडिटरमाइन्ड'वर क्लिक करा, नाहीतर आधीच्या निवडलेल्या भाषा सुटतात. मग खालचं सेव्ह. अ‍ॅपमध्ये येऊन पान खाली ओढून ताजं करा.

ही निवड खात्यावर साठते, त्यामुळे अ‍ॅप कुठलंही चालेल. मी वॉयेजरच ठेवलं. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, आणि दुकानात दोन्ही हाताळावे लागतात.