शेतघरातली मोटार, टाकी आणि मीटर : या चुका टाळा

गिरणारे, गंगावऱ्हे, दिंडोरीकडे नाशिककरांची शेतघरं वाढली आहेत. शनिवारी कुलूप उघडायचं, रविवारी संध्याकाळी लावायचं. काही बिघडलं की पाण्यासाठी प्लंबर, विजेसाठी वायरमन. दोघं वेगवेगळ्या दिवशी येतात, आपापलं काम नीट करून जातात, आणि तरी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. कारण मोटार पुष्कळदा पाण्याच्या दोषामुळे जळते आणि नळाला शॉक येतो तो विजेच्या दोषामुळे. तपासायला सुरुवातच दुसऱ्या बाजूने करावी लागते.

मोटार पाणी उचलत नाही म्हणून तिला पुन्हा पुन्हा चालू करत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोटारीचं सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग, पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की ते करपतं, तिथून पाणी शाफ्टवर झिरपून बेअरिंगमध्ये आणि पुढे वाइंडिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत, उतरतं. सील न बदलता नुसतं रिवाइंडिंग करून आणलेली मोटार पुन्हा जळणारच.

तेव्हा आधी विहिरीत डोकवा. काठावर बसवलेली मोटार फक्त पोकळी करते, पाणी वर चढवतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला ही मर्यादा हिशोबाने 10.3 मीटर. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर, म्हणून इथे ती साडेनऊच्या आसपास येते, आणि पाइपातलं घर्षण, बेंड, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची एकेरी झडप) धरले तर हाती सहा-सात मीटरच उरतात. दिवाळीत टाकी झरझर भरणारी मोटार मे महिन्यात हवा धरते ती यामुळे. ती बिघडलेली नसते, विहीर खाली गेलेली असते. जास्त एचपीची मोटार आणून हे सुटत नाही. मोटार खालच्या टप्प्यावर बसवा, नाहीतर सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटार, टाका.

पाणी वर असूनही प्रायमिंग, म्हणजे मोटारीत आणि पाइपात आधी भरून ठेवलेलं पाणी, टिकत नसेल तर मोटार बंद ठेवून प्रायमिंगचं पाणी भरा आणि पाहत राहा. पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्ह गळतोय, त्यात पालापाचोळा अडकला असेल. पातळी टिकली, पण मोटार चालू करताच हवा येऊ लागली, तर सक्शनचा, म्हणजे विहिरीतून मोटारीकडे येणाऱ्या पाइपाचा, एखादा जोड ढिला आहे. इथे भलेभले फसतात. मोटार चालू असताना सक्शनच्या जोडातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे जोड कोरडा ठणठणीत दिसतो. त्यावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल, तिथेच दोष.

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही? लगेच बंद करा. बरेच दिवस पडून राहिल्याने पंखा जाम झालेला असतो किंवा कपॅसिटर (मोटारीला सुरुवातीचा झटका देणारा भाग) गेलेला असतो. मेन स्विच काढून शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा. सहज फिरला तर कपॅसिटर बदलून घ्या.

आता शॉकबद्दल, आणि इथे कृपा करून चालढकल करू नका. आंघोळ करताना नळाला झिणझिण्या येतात म्हणून लोक प्लॅस्टिकची चप्पल घालून आंघोळ करतात. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात, कॉइल तापून तडकते आणि वीज पाण्यात उतरते. गिझरचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि वायरमन येईपर्यंत तो तसाच राहू द्या. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाचा जीव 30 मिलिअँपियरनेही धोक्यात येतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबीच हवा, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच.

आणि हा आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करून टाकणं, हा मला सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. ज्याला तो पडेल, त्या लाइनमध्ये गळती. इन्व्हर्टर असलेल्या घरात कधीकधी गळती नसतेच, इन्व्हर्टरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. वायरमनला हे आवर्जून बघायला सांगा. आपल्याकडच्या मुरमात आणि काळ्या पाषाणात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, तिथे अधूनमधून पाणी ओता आणि वर्षातून एकदा अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

बाथरूमला घाण वास येत असेल तर सेप्टिक टँक उपसण्याआधी जाळीत एक तांब्या पाणी ओता. घर बंद असताना जाळीखालच्या ट्रॅपमध्ये वास अडवून धरणारं पाणी आटतं आणि वास वर येतो.

रविवारी निघताना सगळी मेन लाइन बंद करू नका, इन्व्हर्टरची बॅटरी उतरत जाते आणि दीर्घकाळ उतरलेली राहिली की कायमची कमजोर होते. फक्त मोटार आणि गिझरचे एमसीबी पाडा, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती आहे ते बघून निघा.