बेसमेंटमधल्या वर्कशॉपसाठी सबपॅनल टाकताना

इथे अमेरिकेत बेसमेंटमध्ये सुतारकाम सुरू केलं की टेबल सॉ आणि डस्ट कलेक्टर एकाच सर्किटवर चालवायचा मोह होतो, आणि दोन्ही एकदम लावले की ब्रेकर ट्रिप झालाच म्हणून समजा. त्यापेक्षा ६० अँपचा सबपॅनल टाका, म्हणजे घराच्या मेन पॅनलवरून (मुख्य ब्रेकर बॉक्सवरून) वीज घेणारा वेगळा छोटा ब्रेकर बॉक्स. आधी परमिट काढा, स्वतःच्या घरात स्वतः वायरिंग करायला बऱ्याच ठिकाणी चालतं पण सगळीकडे नाही, ते विचारून घ्या.

मेन पॅनलमध्ये दोन पोलचा ब्रेकर, तिथून ६ गेजची तांब्याची केबल, आणि तिच्यात चार वायरी हव्यातच: काळी, लाल, पांढरी न्यूट्रल आणि उघडी ग्राउंड, म्हणजे अर्थिंगची. खरी मेख इथेच आहे. मेन पॅनलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र जोडलेले असतात, सबपॅनलमध्ये मात्र ते वेगळेच ठेवायचे, म्हणजे डब्याबरोबर तो हिरवा स्क्रू येतो ना तो न्यूट्रल बारमध्ये (न्यूट्रल वायरी कसायच्या पट्टीत) लावायचाच नाही, ग्राउंडसाठी वेगळा बार डब्याच्या पत्र्याला कसायचा, नाहीतर न्यूट्रलचा करंट मशीनच्या लोखंडी बॉडीवर येऊ शकतो आणि मग जिवावर बेततं.

पॅनलसमोर ३६ इंच जागा मोकळी ठेवा, तिथे फळ्या रचू नका. सॉकेटना जीएफसीआय, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारं संरक्षण, हवंच.

आणि हो, मेन ब्रेकर बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या जाड वायरींमध्ये करंट असतोच! मेन पॅनलमधली जोडणी इलेक्ट्रिशियनलाच द्या, मीही तेवढं त्याच्याकडूनच करून घेतलं. इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत भिंत बंद करू नका.