चंद्र-सूर्यावरून भूकंपाचा अंदाज: पंचांग आणि भूकंपांच्या यादीवरून घरच्या घरी पडताळणी

कोकणात तिथीवरून समुद्र ओळखतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. पाण्याला हा हिशेब इतका चोख लागू पडतो, तर तोच खडकाला लावून भूकंप का सांगता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. चंद्र-सूर्याची ओढ खडकालाही लागते आणि पायाखालची जमीन दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटीमीटरपर्यंत उचलली जाते आणि खाली बसते. मात्र या ओढीने खडकात पडणारा ताण असतो १ ते ४ किलोपास्कल, आणि भूकंपात मोकळा होणारा ताण असतो १ ते १० मेगापास्कल, म्हणजे साधारण हजारपट. तेव्हा भ्रंश, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, आधीच तुटायच्या बेतात असेल तरच चंद्राचा शेवटचा धक्का कामी येऊ शकतो. असं किती वेळा होतं, हे मोजता येतं. ते कसं मोजायचं, हे पुढे दिलं आहे. भाकीत करायला बसण्याआधी ही पडताळणी करा, कारण बहुतेक भाकितं इथेच गळतात.

लागणारं सामान: तिथी संपण्याच्या वेळा देणारं पंचांग, स्प्रेडशीट चालणारा संगणक (मोबाइलवरही जमतं, पण बोटं दुखतात), आणि एक वही. वही महत्त्वाची.

आधी वहीत लिहा, मग यादी उघडा

यादी बघण्याआधी चार गोष्टी तारखेसकट लिहून ठेवायच्या: कोणता प्रदेश, किमान किती तीव्रता, किती खोलीपर्यंतचे भूकंप, आणि चंद्राच्या कोणत्या स्थितीत ते जास्त व्हायला हवेत. एकदा आकडे पाहिले की मन आपसूक सोयीची हद्द आखतं. ४.५ ला जमलं नाही तर ४.८ घेऊन पाहतं, पौर्णिमेला जमलं नाही तर चंद्र पृथ्वीच्या जवळ आल्याचा दिवस धरतं. दहा तऱ्हा करून पाहिल्या तर एखादी नुसत्या योगायोगानेही जमून जाते.

खिडकी, म्हणजे भाकिताचे दिवस, किती रुंद हेही आधीच ठरवा. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्हींच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरले तर साडेएकोणतीस दिवसांच्या महिन्यातले १४ दिवस तुमच्या खिडकीत आले. डोळे मिटून सांगितलं तरी ४७ टक्के भूकंप त्यात पडणारच. आणि ‘येत्या पाच दिवसांत जगात कुठेतरी ६ तीव्रतेचा भूकंप होईल’ हे भाकीत करायला चंद्र लागतच नाही. ६ आणि त्यावरचे भूकंप वर्षाला सुमारे दीडशे होतात, म्हणजे सरासरी अडीच दिवसांनी एक.

यादी मिळवणं आणि साफ करणं

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची जगभराची यादी फुकट उतरवता येते. शोधात तारीख, तीव्रता आणि नकाशावरचा चौकोन भरा. एका वेळी २०,००० पेक्षा जास्त नोंदी मिळत नाहीत, म्हणून वर्षं तोडून घ्या. भारतातल्या छोट्या धक्क्यांसाठी आपलं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आहे.

उतरवलेल्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ यांच्यामध्ये इंग्रजी टी आणि शेवटी झेड असतो. त्यामुळे स्प्रेडशीट त्याला तारीख न मानता मजकूर मानते. फक्त तो एक रकाना निवडून टीच्या जागी मोकळी जागा भरा आणि झेड काढून टाका. सगळा तक्ता निवडून हे केलंत तर गावांच्या नावांतली अक्षरंही उडतील.

ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कोयनेचा मोठा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, पण परदेशी यादीत तो १० डिसेंबरला सापडतो. गणित सगळं जागतिक वेळेत करा, पंचांगाशी पडताळताना तेवढी आपली वेळ घ्या. पंचांगातली दिवसाची तिथी ही सूर्योदयाची असते, हेही ध्यानात ठेवा. रात्री ११ चा धक्का बऱ्याचदा पुढच्या तिथीत गेलेला असतो.

आता सर्वांत जिकिरीचं काम: पश्चात धक्के वेगळे करणं. अमावास्येला एक मोठा भूकंप झाला की पाठोपाठ शेकडो धक्के त्याच पक्षात पडतात आणि यादी ‘अमावास्या, अमावास्या’ ओरडू लागते. खरं तर ती घटना एकच. गार्डनर आणि नॉपॉफ यांनी १९७४ मध्ये दिलेली मापं हौशी कामाला पुरतात. मुख्य धक्का ४ तीव्रतेचा असेल तर ३० किलोमीटर आणि ४२ दिवसांतले, ५ चा असेल तर ४० किलोमीटर आणि १५५ दिवसांतले, ६ चा असेल तर ५४ किलोमीटर आणि ५१० दिवसांतले लहान धक्के गाळायचे. सुरुवात सर्वांत मोठ्या भूकंपापासून करून खाली उतरत जा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जी धक्क्यांची मालिका सुरू झाली तिच्यात स्पष्ट असा एक मुख्य धक्का नाही, त्यामुळे तिला ही मापं नीट बसत नाहीत. ती मालिका या चाचणीतून सरळ वगळलेली बरी.

लहान धक्क्यांचा मोह टाळा. यंत्रं वाढली की नोंदी वाढतात, भूकंप वाढलेले नसतात. दिवसा रहदारीच्या कंपनात बारीक धक्के हरवतात आणि रात्री सापडतात, तर काळ्या दगडाच्या खाणीतले सुरुंग दिवसाउजेडीच उडतात आणि कधीकधी भूकंप म्हणून यादीत शिरतात. दोन्हींमुळे २४ तासांची एक लय दिसते आणि ती सूर्याची वाटते. जगाच्या यादीत ५ च्या खाली उतरू नका.

चंद्राचं वय आणि कोन

६ जानेवारी २००० रोजी जागतिक वेळेप्रमाणे १८:१४ ला अमावास्या होती. स्प्रेडशीटच्या दिवस-क्रमांकात ती वेळ ३६५३१.७६. भूकंपाच्या दिवस-क्रमांकातून हा आकडा वजा करा आणि २९.५३०५८९ ने भागून उरणारी बाकी स्प्रेडशीटच्या ‘मॉड’ सूत्राने काढा. ही बाकी म्हणजे चंद्राचं वय, दिवसांत. रकान्याचं स्वरूप ‘संख्या’ ठेवा, नाहीतर उत्तराच्या जागी १९०० सालातली तारीख दिसेल. हे सरासरी चंद्राचं गणित आहे. खरा चंद्र त्याच्या अर्धा-पाऊण दिवस पुढेमागे असू शकतो. उधाण-भांग तपासायला एवढी अचूकता चालते, रोजच्या भरती-ओहोटीशी मेळ घालायला चालत नाही.

अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही उधाणाच्या, म्हणून कोन दुप्पट करायचा असतो. वयाला ०.४२५५४ ने गुणलं की दुप्पट कोन रेडियनमध्ये मिळतो. पुढच्या दोन रकान्यांत त्याची कोज्या (कॉस) आणि ज्या (साइन) काढा.

सूत्र बरोबर बसलं का, हे पाहायला आपले तीन ओळखीचे भूकंप घ्या.

कोयना, १९६७: वय ८.८४, कोज्या −०.८१, ज्या −०.५८
किल्लारी, १९९३ (२९ सप्टेंबर, जागतिक वेळ २२:२५): वय १३.५६, कोज्या ०.८७, ज्या −०.४९
भुज, २००१ (२६ जानेवारी, ०३:१६): वय १.४८, कोज्या ०.८१, ज्या ०.५९

किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटेचा, भुजचा अमावास्येनंतर दीडेक दिवसाचा. एवढे दोनच सांगितले तर ऐकणारा लगेच पटवून घेतो. डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंपही पौर्णिमेच्याच दिवशीचा. पण कोकणाला सर्वांत जवळचा, चिपळूण-पोफळीच्या डोक्यावरचा कोयनेचा भूकंप मात्र शुक्ल अष्टमी उलटल्यावर, भांगाच्या दिवसांत झाला. म्हणूनच निवडून घेतलेली उदाहरणं पुरावा ठरत नाहीत.

शूस्टरची कसोटी

आर्थर शूस्टर यांनी १८९७ मध्ये नेमक्या याच प्रश्नासाठी ही कसोटी मांडली. सगळ्या कोज्यांची बेरीज करा, सगळ्या ज्यांची बेरीज करा, दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवा आणि भूकंपांच्या संख्येने भागा. हा भागाकार ३ च्या वर गेला तर असा मेळ निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. वरच्या तिघांचं उत्तर ०.३३ च्या आसपास येतं. तुमचंही तेच आलं तर तक्ता बरोबर आहे. (तीन नोंदींवरून निष्कर्ष काढायचा नसतो, ही फक्त सूत्राची तपासणी.) दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी यादी तपासली असेल तर ३ ची हद्द सोडून ५.३ धरा.

किती भूकंप हवेत? चंद्रामुळे भूकंपांचं प्रमाण १० टक्क्यांनी वरखाली होत असेल, तर ते या कसोटीत उमटायला साधारण १,२०० स्वतंत्र भूकंप लागतात. एकट्या कोकणात तेवढे मोठे भूकंप नाहीत. म्हणून ‘कोकणासाठी तिथीवार भाकीत’ ही गोष्ट आकड्यांवर उभीच राहत नाही. जगाची यादी घ्या.

स्प्रेडशीट नको असेल तर वहीत १५ रकाने आखा आणि कृष्ण पक्ष शुक्ल पक्षावर दुमडून तिथीवार खुणा करा. चतुर्दशी ते तृतीया या पाच तिथी म्हणजे पंधरापैकी एक तृतीयांश. ९० भूकंप असतील तर तिथे ३० अपेक्षित. २१ ते ३९ च्या दरम्यान काहीही आलं तरी ते नेहमीच्या चढउतारात मोडतं.

कोयनेसाठी एक जादा रकाना

कोयना परिसराचे धक्के तपासायचे असतील तर चंद्राआधी महिना बघा. दर मीटर पाण्यामागे तळावर सुमारे १० किलोपास्कल दाब पडतो आणि पावसाळ्यात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दहा-वीस मीटरनी सहज चढतो. चंद्राच्या ताणापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. इथले धक्के जलाशय भरण्या-उतरण्याशी जोडलेले आहेत, हे जगभर मान्य झालेलं उदाहरण आहे. पावसाळ्यानंतरचे महिने आणि उन्हाळ्याचे महिने वेगळे न करता तिथीकडे गेलात तर काय मोजलं तेच कळणार नाही.

आजवर काय हाती लागलं आहे

नकाराबरोबर होकारही आहे, आणि तो नीट सांगायला हवा. २००४ मध्ये कॉक्रन, विडाल आणि तानाका यांनी दाखवलं की उथळ भ्रंशांवर, जिथे एक बाजू दुसरीवर चढते तिथे, भरतीचा ताण सर्वांत जास्त असताना भूकंप खरोखर जास्त होतात. २०१६ मध्ये इदे आणि सहकाऱ्यांना मोठ्या भूकंपांच्या बाबतीत, ताणाचा चढउतार मोठा असलेल्या दिवसांकडे कल दिसला. २०१८ मध्ये सुझन हफ यांनी ८ आणि त्याहून मोठे भूकंप तिथी आणि तारखेप्रमाणे लावून पाहिले. कोणताही पक्ष किंवा दिवस वेगळा उठून दिसला नाही. या सगळ्यातून संभाव्यता किंचित वाढल्याचं कळतं. गाव आणि तारीख कळत नाही. अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग यांनी भरतीच्या बळावरून ३ डिसेंबर १९९० च्या आसपास न्यू माद्रिद भागात मोठ्या भूकंपाचं भाकीत केलं होतं. शाळा बंद राहिल्या, भूकंप आला नाही.

ज्वालामुखींसाठी कृती हीच, फक्त यादी उद्रेकांची. अडचण अशी की जुन्या उद्रेकांची सुरुवात अनेकदा फक्त महिन्यापुरतीच माहीत असते. दोन दिवसांहून जास्त अनिश्चितता असलेल्या नोंदी गाळा. प्रशांत महासागराच्या तळाशी असलेल्या अ‍ॅक्सियल ज्वालामुखीत बारीक धक्के ओहोटीला वाढतात, हे पक्कं नोंदलेलं आहे. वरचं पाणी कमी झालं की तिथले भ्रंश सैल होतात. कोकणातला कातळ मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. उन्हवरे, तुरळ, राजवाडीचे गरम झरे म्हणजे जागा ज्वालामुखी नव्हे. त्यांच्या तापमानावरून उद्रेकाचं गणित मांडू नका.

तरीही पुढचं भाकीत करायचं असेल

वहीत तारीख, चौकोन, तीव्रता लिहा आणि वर्षभर बदलू नका. वर्ष संपलं की किती भूकंप खिडक्यांत पडले ते मोजा. मग त्याच खिडक्या सगळ्या ३ दिवस पुढे सरकवून मोजा, मग ५, मग ७, मग १०. (१५ दिवस सरकवू नका, पुन्हा उधाणावरच याल.) सरकवलेल्या खिडक्यांतही तेवढेच भूकंप सापडले, तर भाकितात चंद्राचा वाटा नाही.

असलं भाकीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. डहाणूकडे लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत काढल्या आहेत. तिथे एका तारखेची अफवा काय करते याची कल्पना करा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीबद्दल खोटी धास्ती पसरवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

धक्का जाणवला तर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे किंवा अमेरिकी संस्थेच्या ‘जाणवलं का’ या अर्जात कळवा: नेमकी वेळ, कितवा मजला, घर कौलारू की स्लॅबचं, भांडी नुसती वाजली की फळीवरून पडली, भिंतीला नवी तडा गेली का. वेळ मोबाइलच्या घड्याळाची द्या, भिंतीवरच्या नको.