स्प्रेडशीटमधील ड्रॉपडाउन यादी : नोंदीतली चूक लिहितानाच कशी अडवावी

कामाची स्थिती नोंदवण्यासाठी एका शीटमध्ये एक कॉलम आहे आणि तो चार जण भरतात, असे समजा. एक जण ‘पूर्ण’ लिहितो, दुसरा ‘पुर्ण’, तिसरा ‘पूर्ण झाले’, आणि चौथ्याकडून ‘पूर्ण’ या शब्दानंतर स्पेसबार एकदा जास्त दाबला जातो. वाचणाऱ्याला चारही नोंदींचा अर्थ एकच लागतो. मोजणी करणाऱ्या फॉर्म्युल्याला मात्र ते चार निरनिराळे शब्द दिसतात, त्यामुळे पूर्ण झालेल्या कामांची बेरीज कमी येते आणि ती कमी आली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण त्यांच्यामागचे युनिकोड संकेत वेगळे असल्यामुळे शोधताना आणि मोजताना ते वेगळे ठरू शकतात. अशी चूक नुसत्या डोळ्यांनी सापडणे जवळपास अशक्य असते. म्हणून ज्या कॉलममध्ये ठरावीक पर्यायांपैकीच एक यायला हवा, तेथे शब्द हाताने टाइप करण्याची वेळच कोणावर येऊ देऊ नये.

यासाठी एक्सेलमध्ये ‘डेटा व्हॅलिडेशन’, म्हणजे सेलमध्ये कोणती नोंद चालेल याचा नियम लावण्याची सोय आहे आणि ती एक्सेल 97 पासून उपलब्ध आहे. तिच्यातून सेलवर ठरावीक पर्यायांचा मेनू, म्हणजेच ड्रॉपडाउन यादी, देता येते. ती वापरायला पाच मिनिटे पुरतात. खरा वेळ यादी ठरवण्यात जातो आणि तो तेथेच जायला हवा, कारण अपुरी किंवा संदिग्ध यादी समोर आली की भरणारा माणूस त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडून पुढे जातो. अशी नोंद नियमात बसते, शुद्धलेखनातही बिनचूक असते, आणि तरीही खोटी असते.

आधी यादी, मग मेनू

शीटमध्ये जुना मजकूर असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी. तो कॉलम एका रिकाम्या शीटवर कॉपी करून ‘डेटा’ टॅबमधील ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ ही आज्ञा चालवली की आजवर लोकांनी प्रत्यक्षात काय काय लिहिले आहे ते एकेका ओळीत समोर येते. त्यातली बरीचशी रूपे एकाच अर्थाची निघतात. ती एकत्र करून प्रत्येक अर्थासाठी एकच शब्द ठरवावा. दोन पर्यायांमधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते दोन पर्याय ठेवू नयेत. ‘प्रलंबित’ आणि ‘सुरू व्हायचे आहे’ हे दोन्ही यादीत असले, तर प्रत्येक जण आपापल्या समजुतीने निवड करणार.

‘इतर’ हा पर्याय ठेवावा की नाही, हा प्रश्न नेहमी पडतो. माझ्या मते तो ठेवावा, पण शेजारी तपशिलासाठी एक कॉलम देऊन ठेवावा. ‘इतर’ अजिबात नसेल तर माणसे नाइलाजाने चुकीचा पर्याय निवडतात. आणि ‘इतर’समोर तोच तो तपशील वारंवार दिसू लागला, तर यादीत नवा पर्याय घालण्याची वेळ आली आहे हे त्यावरून कळते.

एक्सेलमधील कृती

यादीसाठी त्याच फाइलमध्ये वेगळे शीट घ्यावे आणि त्याला ‘याद्या’ असे स्पष्ट नाव द्यावे. पहिल्या सेलमध्ये शीर्षक आणि त्याखाली एकाखाली एक पर्याय लिहावेत. मध्ये रिकामी ओळ सोडू नये. मग त्यातील एक सेल निवडून कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबाव्यात आणि यादीला शीर्षक आहे अशी खूण करून तिचे टेबल बनवावे. टेबल केल्याचा फायदा असा, की पुढे शेवटी नवा पर्याय लिहिला की टेबल आपोआप वाढते आणि त्यावर आधारलेला मेनूही सोबत वाढतो.

आता मूळ शीटवर येऊन ज्या सेलमध्ये मेनू हवा आहे ते सर्व सेल निवडावेत, ‘डेटा’ टॅबमधून ‘डेटा व्हॅलिडेशन’ उघडावे, ‘सेटिंग्ज’ या भागात ‘अलाउ’ या चौकटीत ‘लिस्ट’ निवडावे, ‘सोर्स’च्या चौकटीत क्लिक करावे आणि ‘याद्या’ शीटवर जाऊन शीर्षक वगळून सर्व पर्याय माउसने निवडावेत. पत्ता हाताने टाइप करत असाल, तर कॉलम आणि ओळ या दोहोंच्या आधी डॉलरचे चिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी. ते नसेल तर खालच्या प्रत्येक सेलगणिक यादी एकेक ओळ खाली सरकते आणि तळाच्या सेलमधील मेनूतून वरचे पर्याय गायब झालेले दिसतात.

पर्याय दोन-तीनच असतील आणि ते बदलण्याची शक्यता नसेल, उदाहरणार्थ ‘होय’ आणि ‘नाही’, तर ‘सोर्स’मध्ये ते स्वल्पविराम देऊन थेट लिहिले तरी चालते. या पद्धतीत एकूण मजकुराला 255 अक्षरांची मर्यादा आहे, आणि यादी बदलायची झाल्यास ती जेथे जेथे लिहिली आहे तेथे तेथे जाऊन बदलावी लागते. त्यामुळे वाढत जाणाऱ्या यादीसाठी हा मार्ग घेऊ नये.

त्याच खिडकीत आणखी दोन भाग असतात आणि घाईत ते बहुधा तसेच सोडले जातात. ‘इनपुट मेसेज’मध्ये लिहिलेली सूचना सेलवर जाताच दिसते, पर्यायांमधला फरक सांगण्यासाठी तिचा उपयोग करावा. ‘एरर अलर्ट’मध्ये ‘स्टॉप’, ‘वॉर्निंग’ आणि ‘इन्फर्मेशन’ असे तीन प्रकार आहेत. यांपैकी फक्त ‘स्टॉप’ हाच यादीबाहेरची नोंद खरोखर अडवतो; उरलेले दोन सूचना देतात आणि भरणाऱ्याने आग्रह धरला तर नोंद स्वीकारतात. संदेशाची भाषा मात्र स्वतः लिहावी. ‘यादीतील पर्याय निवडा, हवा तो पर्याय नसल्यास इतर निवडून शेजारी तपशील लिहा’ असे वाक्य समोर आले की भरणाऱ्याला पुढे काय करायचे ते समजते. मेनू उघडण्यासाठी दर वेळी माउसकडे वळावे लागत नाही. ऑल्ट आणि खालच्या बाणाची कळ एकत्र दाबली तरी तो उघडतो, हे नोंदी करणाऱ्यांना जरूर सांगावे.

‘इग्नोअर ब्लँक’ या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. यादीच्या पट्ट्याला, म्हणजे पर्याय लिहिलेल्या सलग सेलना, नाव देऊन ते नाव ‘सोर्स’मध्ये वापरले असेल, त्या पट्ट्यात एखादा सेल रिकामा असेल आणि ही खूण चालू असेल, तर एक्सेल मेनू लावलेल्या सेलमध्ये कोणतीही नोंद स्वीकारते. मेनू दिसत राहतो, पण अडवणूक संपलेली असते. पुढे लागतील म्हणून यादीखाली रिकामे सेल धरून ठेवण्याची सवय यासाठीच सोडावी.

वयोगटांसारखे पर्याय असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. यादीच्या सेलमध्ये ‘1-5’ असे लिहिले की एक्सेल त्याची तारीख बनवते. एक्सेलच्या याच सवयीमुळे काही मानवी जनुकांची चिन्हे तारखांमध्ये बदलत होती, आणि 2020 मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी चिन्हे बदलण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आपल्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही. यादीचे आणि नोंदीचे असे दोन्ही सेल आधी ‘टेक्स्ट’ स्वरूपाचे करावेत, किंवा सरळ ‘1 ते 5’ असे लिहावे.

गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस

गूगल शीट्समध्ये सेल निवडून ‘डेटा’ मेनूतील ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये नवा नियम जोडावा आणि निकष म्हणून ‘ड्रॉपडाउन’ किंवा, यादी शीटवर असल्यास, ‘ड्रॉपडाउन फ्रॉम अ रेंज’ निवडावे. प्रत्येक पर्यायाला रंग देता येतो, हे स्थितीच्या कॉलमसाठी फार सोयीचे आहे. प्रगत पर्यायांत जाऊन चुकीची नोंद नाकारायची आहे की केवळ इशारा द्यायचा आहे, हे पाहून घ्यावे. एका सेलमध्ये अनेक पर्याय निवडण्याची सोयही आता तेथे आहे, पण ती जपून वापरावी. सेलमध्ये स्वल्पविरामांनी जोडलेली मालिका तयार झाली की साधी मोजणी करणारे फॉर्म्युले तिला एकच नवा शब्द मानतात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय ‘डेटा’ मेनूत ‘व्हॅलिडिटी’ या नावाने आहे आणि कृती जवळजवळ एक्सेलसारखीच आहे.

पेस्टची पळवाट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक्सेलमधील व्हॅलिडेशन टाइप केलेली नोंद तपासते. पेस्ट केलेली नोंद तपासत नाही. इतकेच नव्हे, दुसरीकडचा सेल कॉपी करून येथे साधे पेस्ट केले, तर मजकुराबरोबर सेलवरचा नियमही पुसला जाऊ शकतो, आणि मग तेथील मेनूच नाहीसा होतो. शीटला संरक्षण दिले तरी, नोंदीसाठी मोकळ्या ठेवलेल्या सेलमध्ये हे घडतेच. नियम लावण्यापूर्वी भरलेल्या चुकीच्या नोंदीही जशाच्या तशा राहतात. त्याबद्दल एक्सेल आपण होऊन काही सांगत नाही.

त्यामुळे तपासणीची वेगळी व्यवस्था लागते. ‘डेटा व्हॅलिडेशन’च्या बाणाखालील ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ ही आज्ञा नियमात न बसणाऱ्या नोंदींभोवती लाल वर्तुळे काढते. पण ज्या सेलचा नियमच पुसला गेला आहे, तो तिच्या नजरेतून सुटतो. म्हणून मी कडेला एक तपासणीचा कॉलम ठेवण्याचा आग्रह धरतो. त्यात ‘काउंटइफ’ फॉर्म्युल्याने शेजारची नोंद ‘याद्या’ शीटवर किती वेळा सापडते ते मोजावे. भरलेल्या नोंदीसमोर उत्तर 1 आले तर ती यादीतली आहे, 0 आले तर नाही, आणि 2 आले तर यादीतच एखादा पर्याय दोनदा लिहिला गेला आहे. हा कॉलम नोंदीच्या सेलपासून वेगळा असल्यामुळे पेस्ट करणाऱ्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नियम पुसला गेला असेल तर चांगला सेल कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅलिडेशन’ निवडावे. मजकूर न बदलता फक्त नियम पुन्हा बसतो.

यादीतील पर्यायाचे नाव पुढे बदलायचे झाल्यास लक्षात ठेवावे, की एक्सेलमध्ये आधी भरलेले सेल त्यासोबत बदलत नाहीत. ‘याद्या’ शीटवर नवे नाव लिहिल्यावर लगेच मूळ कॉलम निवडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने जुने नाव बदलून घ्यावे, तेही ‘मॅच एन्टायर सेल कंटेंट्स’ ही खूण करून, नाहीतर ‘पूर्ण’ बदलताना ‘अपूर्ण’मधला ‘पूर्ण’ही बदलला जाईल. त्यानंतर तपासणीच्या कॉलममध्ये भरलेल्या एकाही नोंदीसमोर 0 नाही, एवढे पाहावे आणि मगच फाइल इतरांकडे पाठवावी.