जिराचा बोर्ड सोमवारच्या स्टँडअपला लावायच्या आधी

जिरा म्हणजे टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या बोर्डावर प्रत्येक काम एक कार्ड; स्टँडअप म्हणजे टीमची छोटी बैठक. बोर्डाचं नाव, अ‍ॅडमिन वगैरे तुम्ही कराल. आधी मूळ फिल्टरचं, म्हणजे बोर्डावर कुठली कार्डं येतील ते ठरवणाऱ्या अटीचं, जेक्यूएल (जिराची शोधभाषा) सावकाश वाचा. त्यात अँड आणि ऑर दोन्ही असतील तर कंस घाला, कारण अँड आधी जोडला जातो आणि भलत्याच प्रोजेक्टची कार्डं येऊन बसतात. ‘अमुक लेबल नसलेली’ असं लिहिलं की ज्यांना लेबलच नाही ती कार्डंही गळतात. ‘किंवा लेबल रिकामं’ हे वेगळं लिहावं लागतं. कानबान बोर्ड (ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांऐवजी सतत चालणाऱ्या कामाचा) असेल तर सब-फिल्टर (मूळ फिल्टरवरची जादा चाळण) उघडून बघा. रिलीज झालेल्या व्हर्जनची कार्डं तोच लपवतो.

कॉलम: एकही स्टेटस (काम कुठवर आलं ते) कॉलमला न जोडता मोकळं सोडू नका. न जोडलेल्या स्टेटसचं कार्ड बोर्डावर दिसतच नाही.

आता स्विमलेन, म्हणजे बोर्डावरच्या आडव्या पट्ट्या. इथे घाई नको बाप्पा. क्वेरीवर (जेक्यूएलमधल्या अटीवर) लेन केल्या असतील तर कार्ड एकाच लेनमध्ये दिसतं, वरून जी पहिली जुळेल तिच्यात. दोन क्वेरी एकमेकींवर चढल्या तरी जिरा हूं की चूं करत नाही. मी ‘बग’ वर ठेवली, ‘तातडीचं’ खाली. तातडीचा बग बगांच्या गर्दीत तळाला पडून, आणि तातडीची लेन रिकामी बघून आयटी पार्कातली आमची अख्खी टीम निवांत तर्री-पोहे खाऊन राहिली होती. म्हणून क्रम बघा. अरुंद क्वेरी वर, ऐसपैस खाली. आणि नुसतं बघून भागत नाही: दोन लेनच्या क्वेरी कंसात घालून अँडने जोडा नि सर्चमध्ये चालवा. जे निघेल ते दोन्हीकडचं. ते वरच्या लेनमध्ये गेलं तर चालेल का, हे तिथेच ठरवा. लेनच्या प्रत्येक जोडीसाठी करा, कंटाळा आला तरी. सगळ्यात खालची ‘एव्हरीथिंग एल्स’ (कुठेच न जुळलेल्या कार्डांची लेन) भरून वाहत असेल तर वरच्या एखाद्या क्वेरीला भोक आहे.

क्विक फिल्टर (बोर्डावरची चाळणीची बटणं) एकत्र दाबले की अँड होतात. ‘माझी’ आणि ‘कोणाकडेच नसलेली’ दोन्ही दाबून बोर्ड कोरा झाला म्हणून ओरडणारा एक तरी निघतोच.

नवी लेन घातली? क्रम परत बघा.

कार्डांचे रंग क्वेरीवर असतील तर तिथेही पहिली जुळलेलीच. फिल्टर टीमशी शेअर करा, नाहीतर बोर्ड तुम्हाला एकट्यालाच दिसेल. बाकी किरकोळ. लेनचा क्रम बघितला ना?